पेंड जाते कुठे?

मढकडे पाऊस मोठा, भातशेती फार. गाईपुढे पेंढाच पडतो. दूध घटले की आपण म्हणतो, पेंड वाढवा. आम्हीही एकदा वाढवली. दूध होते तेवढेच राहिले. गोठ्यातला मुताचा वास मात्र डोळ्यांना झोंबू लागला.

पेंडीत प्रथिने असतात. प्रथिनांच्या शंभर भागांत सुमारे १६ भाग नत्र. गाईच्या मोठ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. ते पेंड फोडतात, तिचा अमोनिया होतो. त्यातूनच ते आपले अंग वाढवतात. पुढे तेच जीव पचून गाईला प्रथिने मिळतात. पण अंग वाढवायला त्यांना ताकद हवी. ती मक्याच्या भरड्यातून लवकर मिळते, नुसत्या पेंढ्यातून थोडी आणि सावकाश. ताकद अपुरी पडली की अमोनिया उरतो, रक्तात जातो. यकृत, म्हणजे आपण कलेजी म्हणतो ते, त्याचा युरिया करते. तो मुतावाटे जातो. गोठ्यात त्याचा पुन्हा अमोनिया होतो. झोंबत होता तो हाच. आमचे पेंडीचे पैसेच की!

गाईने खाल्लेल्या नत्राचा साधारण चौथा हिस्साच दुधात उतरतो. म्हणून पेंडीला भरड्याची जोड द्यावी, आंबोण दोनतीनदा वाटून घालावे. खताचा युरिया मात्र आपल्या मनाने आंबोणात मिसळू नका. जास्त झाला तर गाय काही तासांत दगावते.