आंबेनळीखालचा बोलका दिवस

आकाशवाणीचा विषय निघाला की लोक हमखास गाण्यांवर येतात. गाण्यांनी सुख दिलं, यात वाद नाही. पण पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, कापडे-उमरठच्या पट्ट्यात, रेडिओने जे काम केलं ते मुख्यतः बोलण्याने केलं.

मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं 23 जुलै 1927 रोजी. त्याच वर्षी 20 मार्चला महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पुढे 3 ऑक्टोबर 1954 रोजी, त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब आंबेडकर आकाशवाणीवर आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगायला बसले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असं त्यांनी त्या छोट्या भाषणात मांडलं. भाषणाच्या कार्यक्रमांची थोरवी सांगायला मला हे एक उदाहरण पुरेसं वाटतं.

ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तसा गावोगावचा दिवस घड्याळाऐवजी रेडिओवर चालू लागला. सकाळी चिंतन. सातच्या आधी संस्कृत बातम्या. त्या 1974 साली सुरू झाल्या आणि बलदेवानंद सागर हे नाव संस्कृत न शिकलेल्यांच्याही तोंडी बसलं. मग पुण्याहून प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज लागला की एस.टी. पकडणारा माणूस चहाचा शेवटचा घोट घेऊन उठायचा. साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या. दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी बाजारभाव, हवामान, शेतीची माहिती आणि रात्री श्रुतिका किंवा नाटक. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले प्रभाकरपंत, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी तर घरातलीच माणसं झाली होती. प्रभाकरपंतांचा आवाज बाळ कुडतरकरांचा आणि मीनावहिनींचा नीलम प्रभूंचा, हे श्रोत्यांना पाठ होतं. क्रिकेटच्या दिवसांत बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन असे आणि आषाढीला पंढरपूर कानांवर येई.

मुंबईच्या गिरण्यांत या भागातली पुष्कळ माणसं होती. कामगारांसाठीचा कार्यक्रम लालबागच्या खोलीत लागायचा, तोच इकडे पडवीतही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा मनीऑर्डरकडे डोळे लावून बसलेल्या घरांना प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय जेवण गोड लागत नसे.

शेतीच्या कार्यक्रमांचा इतिहास मोठा आहे आणि तो आपल्याच राज्यातला आहे. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, ठरवायचं आणि प्रश्न उलट केंद्राला कळवायचे. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर यांच्यासोबत घाटमाथ्यापलीकडचा तेव्हाचा उत्तर सातारा त्यात होता. आमचा कुलाबा, म्हणजे आताचा रायगड जिल्हा, नव्हता. 1959 पासून ही मंडळं देशभर नेण्यात आली. पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात 1955 पासून व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक नोकरीला होता. खेड्यातल्या माणसाशी बोलायला राज्यातला पहिल्या प्रतीचा लेखक नेमावा, ही त्या काळाची समज होती. आज अशी नेमणूक कोणाच्या मनात तरी येईल का?

डोंगरात स्टेशन लावणं हे कसब होतं. मध्यम लहरी डोंगराला काही प्रमाणात वळसा घालून दरीत उतरतात; एफ.एम.ला मनोऱ्यापासून सरळ वाट लागते, मध्ये डोंगर आला की आवाज तुटला. शिवाय ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी आडवी बसवलेली असते. त्यामुळे सेटची रुंद बाजू केंद्राकडे केली की आवाज भरून येतो आणि अरुंद बाजू केली की बसतो. घरातली म्हातारी माणसं मुंबईसाठी सेट कसा ठेवायचा आणि पुण्यासाठी कसा, हे न चुकता सांगत. सेल उतरले की ते काढून दुपारभर उन्हात ठेवायचे. संध्याकाळच्या बातम्यांपुरता जीव त्यांच्यात येई.

रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन फार लांब जातात. 18 मे 1988 रोजी सुरू झालेला आकाशवाणीचा राष्ट्रीय चॅनल या गुणावर उभा होता. नागपूरच्या 1000 किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून तो रात्रभर देशाशी बोलत असे. डिसेंबर 2018 मध्ये तो बंद करण्याचा आदेश निघाला. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून तिथलं काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचं ठरलं. श्रोत्यांनी आवाज उठवला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. अशा निर्णयांसाठी पुढे केलं जाणारं खर्चाचं कारण मला मान्य नाही. रेडिओवर बोलणं हे सगळ्यात स्वस्त प्रसारण आहे.

जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गाडलं गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखरसुतारवाडीवर दरड आली. त्या रात्री वीज नव्हती, रस्ते तुटले होते आणि मोबाइलची रेंज गेली होती. अशा वेळी दोन सेलवर चालणारा सेट उपयोगी पडू शकतो, पण पलीकडून कोणी या भागाचं नाव घेऊन बोलणारं असलं तरच.

प्रसारभारतीकडे मागणी एवढीच आहे. कोकणात ऐकू येणारे मध्यम लहरींचे प्रक्षेपक चालू ठेवा, प्रादेशिक वृत्त विभागांना हात लावू नका आणि पावसाळ्याचे चार महिने रायगडच्या दरडप्रवण गावांसाठी रोज संध्याकाळी दहा मिनिटं मराठीत बोला. आणि ज्यांच्या घरी जुना ट्रान्झिस्टर आहे, त्यांनी जून लागायच्या आधी त्यात नवे सेल घालून ठेवावेत.