डास होण्याआधीचे दोन दिवस

फायटर माशाचे तोंड वरच्या अंगाला वळलेले असते. थायलंडच्या भातखाचरांतल्या, दलदलीतल्या उथळ पाण्यातला हा मासा. पृष्ठभागाशी लटकणाऱ्या अळ्या आणि वरून पडणारे किडे हे त्याचे मूळ अन्न. म्हणूनच कोरड्या गोळीकडे ढुंकूनही न पाहणारा फायटर डासाची अळी वळवळताच झेप घेतो. पिल्ले घ्यायची असतील तर नर-मादीला आधी आठवडाभर जिवंत खाद्य द्यावे, असे जुने शौकीन सांगतात. माझाही अनुभव तोच आहे.

हे खाद्य फुकट मिळते, हीच खरी अडचण. गच्चीत पाण्याचे पिंप उघडे ठेवले की झाले. पण त्याच पिंपासाठी पालिकेची नोटीस येते, आणि ती यायलाच हवी. आपल्या माशाच्या मेजवानीपायी खालच्या मजल्यावरच्या मुलाला डेंग्यू व्हावा, असा कुठला शौक नसतो.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे गणित नीट समजून घेतले पाहिजे. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर. पाणी चढले की ती फुटतात. आपल्याकडच्या उबदार हवेत अळी पाच-सहा दिवसांत वाढते आणि तिचा कोष होतो. कोष स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. तो काही खात नाही, पण पाण्यात उड्या मारत फिरतो. दोन दिवसांत त्यातून डास उडतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, हे आवाहन याच हिशोबावर उभे आहे. मासे पाळणाऱ्याने तर आठवड्याचीही वाट पाहू नये. दर तिसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या गाळून घ्याव्यात आणि एक जरी कोष दिसला तरी पिंप त्याच दिवशी रिकामे करावे.

नुसते रिकामे करूनही भागत नाही. भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि नवे पाणी भरताच फुटतात. पिंप ब्रशने खरवडूनच घासले पाहिजे. दुसरी चूक टाकीत होते. मासा पाच मिनिटांत संपवील तेवढ्याच अळ्या सोडाव्यात. उरलेल्यांचे डास दिवाणखान्यातच होतात.

बाजारातल्या लाल अळ्यांमध्ये ही भीती नाही. त्या कायरोनोमस नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकाच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या प्राणवायू अगदी कमी असलेल्या गाळातही जगतात. साहजिकच गटारातही जगतात, आणि तिथली घाण सोबत घेऊन येतात. वाळवलेल्या अळ्यांच्या भुकटीने काहींना शिंका, दमा, अंगावर पित्त असा त्रास होतो. तळ्यातून जाळीने आणलेल्या खाद्यात कधी चतुराची अळी निघते. ती माशाचे खाद्य नव्हे. माशाची पिल्लेच तिचे खाद्य. (दिसायला मात्र देखणी!)

पावसाळ्यात तरी पिंपाचा नाद सोडावा, असे माझे मत. त्याऐवजी चिलटे वाढवावीत. बरणीत जास्त पिकलेले केळे ठेवावे, चिलटे आत शिरली की तोंडाला तलम कापड घट्ट बांधावे. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते. खाऊ घालण्याआधी बरणी काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की ती सुस्तावतात. मग बरणी हलकेच पाण्यावर झटकायची.