बुद्ध न काढता बुद्ध रंगवणारे

संग्रहालय म्हटलं की नागपूरच्या बेसातल्या माणसाच्या तोंडी सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्याचं नाव येतं. 1863 पासूनची ती वास्तू बघावीच. पण देशातली सर्वांत जुनी बौद्ध चित्रं पाहायची असतील, तर अजिंठ्याला नऊ आणि दहा क्रमांकाच्या लेण्यांत जावं लागतं. बहुतेक प्रवासी एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी पाहून तृप्त होतात आणि दहाव्यातून पाच मिनिटांत बाहेर पडतात. मला त्याची फार हळहळ वाटते.

दहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. 39 अष्टकोनी खांब, टोकाला स्तूप आणि बाजूच्या भिंतींवर इसवी सनापूर्वीची, सातवाहन काळातली चित्रं. डाव्या भिंतीवर एक राजा परिवारासह बोधिवृक्षाच्या पूजेला आला आहे. पुरुषांच्या डोक्यावर गाठीची भरघोस पागोटी आहेत, थेट सांची आणि भरहूतच्या शिल्पांतल्यासारखी. झाड आहे, स्तूप आहे, हात जोडलेली माणसं आहेत. बुद्ध मात्र कुठेच नाही! ज्याच्यासाठी एवढा डोंगर पोखरला, त्याचा चेहराच चित्रकारांनी काढलेला नाही.

उजव्या भिंतीवर तो भेटतो, पण पूर्वजन्मातला, सहा दातांचा हत्ती होऊन. ही छद्दंत जातकाची कथा. मागच्या जन्मी त्याची हत्तीण असलेली राणी मत्सरापोटी त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. घायाळ हत्ती स्वतःच सुळे कापायला मदत करतो. ते सुळे समोर येताच राणी कोसळते. रंग उडालेत, तरी कळपातल्या हत्तींच्या अंगाचा डौल अजून कळतो. जंगल रोज पाहणाऱ्या माणसाचाच हा हात असणार.

आता नजर खांबांकडे वळवा. तिथे बुद्ध उभा आहे, बसला आहे, प्रभावळीसह! ही चित्रं पाचव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे भिंतीवरच्या चित्रांनंतर पाचएकशे वर्षांनी रंगवलेली. रूप टाळणारी भक्ती आणि रूपात रमणारी भक्ती एकाच छताखाली, चार पावलांच्या अंतरावर. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं ख्रिस्ती प्रार्थनाघर सापडलं, त्यातली चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. तिथेही एका चित्रात येशू मेंढपाळाच्या रूपात आहे. श्रद्धेला चेहरा सापडायला वेळ लागतो, असंच दिसतं.

अजिंठ्याच्या भिंतीवर आधी माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा चढवत, त्यावर चुन्याचा पातळ हात देत आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. पाचव्या शतकातल्या चित्रांत निळा रंगही येतो, तो राजावर्ताचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा.

या पाचव्या शतकातल्या बहराशी आपलं, विदर्भाचं, नातं आहे. वाकाटकांची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे वाशीमची. वाशीमच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं खोदवलं, तसा शिलालेखच तिथे आहे.

दहाव्या लेण्यात एक सही मात्र सलते. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावरच्या चित्रातच आपलं नाव कोरलं. तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता, म्हणून ते आज आपल्या हाताच्याही वर दिसतं. पुढे 1920 नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी लाखेचा थर दिला. चित्रं टिकली, पण तो थर काळाने पिवळा पडला. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो फार जपून काढत आले आहेत.

सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं पाहून निघा. दहाव्या लेण्यात शिरल्यावर लगेच काही दिसणार नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, फ्लॅश वापरू नका आणि भिंतीला हात लावू नका.