खुराड्याची हद्द

विठ्ठलवाडीची पहिली लोकल धडधडण्याआधीच उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या एखाद्या गल्लीत कोंबडा आरवतो आणि गल्लीत दोन तट पडतात. ज्याचा कोंबडा, त्याला त्या आवाजात आपले गाव ऐकू येते. रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला शेजारी मात्र डोक्यावर पांघरूण ओढतो आणि ठरवतो, आज अर्ज टाकायचाच. पण अर्जात लिहायचे काय? कोंबडी पाळणे हा गुन्हा आहे का?

उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचे शहर झाले. २०११ च्या जनगणनेत साधारण १३ चौरस किलोमीटरमध्ये ५,०६,०९८ माणसे मोजली गेली. सुभाष टेकडी किंवा मराठा सेक्शनमधल्या बैठ्या घरांत फिरले, की हा आकडा डोळ्यांना दिसतो. गावाकडे परसू म्हणजे आपलीच जागा. कोंबडी उकिरड्यावर गेली तरी उकिरडा आपलाच. इथे भिंत सामाईक, पत्रा पत्र्याला टेकलेला आणि मधे वीतभर गटार. कोंबडीला हे अंतर एका उडीचे.

नियम शोधायला निघालात, तर आधी पत्ता बघा. उल्हासनगरला महापालिका असल्याने तिथे १९४९ चा महानगरपालिका अधिनियम चालतो. पुढच्याच स्टेशनांवर, अंबरनाथ आणि बदलापूरला, नगरपरिषदांचा १९६५ चा. त्यामुळे बदलापूरच्या मेहुण्याला चालते म्हणून कॅम्प ४ मध्ये चालेलच असे नाही. परवाना लागतो का, हे आपल्या प्रभाग कार्यालयातच विचारून घ्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीची अट ५,००० हून अधिक पक्ष्यांच्या फार्मसाठी आहे. तिचा चार कोंबड्यांशी संबंध नाही.

मात्र चार कोंबड्यांनाही लागू होणारे एक कलम आहेच: सार्वजनिक उपद्रव. ते १८६० च्या दंड संहितेत होते आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आहे. शेजारपाजारच्या लोकांना सर्रास त्रास, धोका किंवा चीड होईल असे काही करणे म्हणजे उपद्रव. कलम २९२ नुसार दंड १,००० रुपयांपर्यंत. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही शेजाऱ्याला त्रास न देण्याची अट आहे. म्हणजे कायद्याचा आक्षेप कोंबडीवर कमी आणि तिच्या मालकाच्या शेजारधर्मावर जास्त. हातात जागेची सनद असली, घर स्वतःचे असले, तरी शेजाऱ्याच्या त्रासाच्या प्रश्नातून सुटका नाही.

पहिला प्रश्न आवाजाचा. २०१९ मध्ये पुण्याच्या सोमवार पेठेतून पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याची तक्रार पोलिसांत गेली होती. २०२५ मध्ये केरळातल्या अडूर इथे असेच भांडण महसूल अधिकाऱ्यांपुढे आले. त्यांनी कोंबडा घालवायला लावला नाही. वरच्या मजल्यावरचे खुराडे १४ दिवसांत दुसऱ्या बाजूला हलवा, एवढेच सांगितले. खुराडे झाकून ठेवू म्हणाल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले. बाहेरच्या पहाटेचा पत्ता नसतानाही ते आतल्या घड्याळानुसार आरवत राहिले. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असे आपण म्हणतो; इथे तर झाकलेले कोंबडेही गप्प बसत नाही.

यावरचा उपाय इतका सोपा आहे, की तो चटकन सुचत नाही. अंडी घालायला कोंबडी पुरते, कोंबडा लागत नाही. तो लागतो पिलांसाठी: खुडूक कोंबडी रवणीवर बसवायची आणि २१ दिवस वाट बघायची. हे गावाकडचे गणित. त्यात नवसाचा, जत्रेचा कोंबडाही येतो. बराकीतल्या घराने पिलांचा नाद सोडून वाढवलेल्या तलंगा विकत आणल्या, तर अर्धे भांडण तिथेच मिटते.

उरलेले भांडण वासाचे. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि पावसाळ्यात गल्ली नाक धरते. खुराडे जमिनीपासून उंच, खाली भाताचे तूस, ते रोज हलवलेले, भिजले की बदललेले. एका कोंबडीला किमान दोन-अडीच चौरस फूट जागा. रात्री दाणे सांडलेले राहिले तर घुशी येतात, आणि घूस कुणाच्या कोंबड्या आहेत हे विचारून बीळ करत नाही.

तिसरी गोष्ट रोगाची. मानमोडीची लस वेळेवर द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची माहिती मिळते. बर्ड फ्लू मात्र लसीवर निभावत नाही. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला आणि एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारावे लागले. असा परिघ आखला, की त्यात फार्म आणि परसू असा भेद उरत नाही. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची नाही.

म्हणून तलंगा आणण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. एका सकाळी दोन कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर त्या पिशवीत घालून गटारात जातील, की दवाखान्यात फोन जाईल? त्या फोनने उरलेल्या दोनही जाऊ शकतात, शेजाऱ्याच्याही. तरीही फोन करू, असे ज्याला म्हणता येते, त्यानेच गल्लीत खुराडे बांधावे.