भिंतीवरचा हात आणि बदलती दारं

भुलभुलैयाचं कोडं समोर आलं की कुणीतरी हमखास सांगतं: उजवा हात भिंतीला लावा, तो न उचलता चालत राहा, उशिरा का होईना, बाहेर पडालच. पालक मुलांना हे सांगतात, रोबोट बनवणारी कॉलेजातली मुलं पहिल्याच प्रोग्रॅममध्ये हाच नियम घालतात. आणि ज्या कोड्यात दारं ठरावीक वेळाने उघडतात, मिटतात, तिथेही तोच सल्ला तितक्याच ठामपणे दिला जातो. तिथे तो साफ चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे समजून न घेता तो पुढे पाठवला जातो, याचा खरंच राग येतो.

आधी नियमात खरं किती ते पाहू. बाहेरच्या कुंपणापासून निघालेली भिंत सलग असेल आणि मुक्कामाची जागा त्याच भिंतीला लागून असेल, तर हात न उचलणारा माणूस त्या भिंतीची सगळी कड फिरतो. मग मुक्काम चुकणं शक्यच नाही. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टात सतराव्या शतकाच्या अखेरीस लावलेला झुडपांचा भुलभुलैया असा सुटतो. पण मधली भिंत बाहेरच्या भिंतीपासून सुटी असेल तर हात तिच्यापर्यंत पोचणार कसा? केंटमधल्या चेव्हनिंगच्या बागेत स्टॅनहोप घराण्याने एकोणिसाव्या शतकात अशाच सुट्या भिंतींचा भुलभुलैया लावला. यंत्रउंदरांच्या ‘मायक्रोमाउस’ स्पर्धेलाही हा धडा लवकर मिळाला. १९७९ मध्ये अमेरिकेत नुसता भिंत धरून पळणारा उंदीर जिंकला, तेव्हा १९८० च्या युरोपातल्या स्पर्धेत मुक्काम मैदानाच्या मधोमध नेण्यात आला. म्हणजे भिंती जागच्या जागी असतानाही हा नियम सगळीकडे चालत नाही.

आता दारं बदलू द्या. ४ × ४ घरांचा एक चौकोन घ्या, मधली चार घरं भरीव. कडेची १२ घरं म्हणजे एक बंद बोळ झाला. एका ठोक्याला एक घर चालायचं. बाहेरच्या भिंतीत एकच दार आहे. ते दर चौथ्या ठोक्याला बंद असतं, बाकी तिन्ही ठोके उघडं. हात बाहेरच्या भिंतीवर ठेवून तुम्ही निघालात आणि दारासमोर चौथ्या ठोक्याला पोचलात. दार बंद, म्हणजे तुमच्या हाताला ती भिंतच. हात पुढे सरकतो, तुम्हीही सरकता. पूर्ण फेरी १२ घरांची, म्हणून पुन्हा दारासमोर याल ते सोळाव्या ठोक्याला, मग अठ्ठाविसाव्या, मग चाळिसाव्या. हे सगळे आकडे चारच्या पाढ्यातले. दार पाऊण वेळ उघडं आहे, तरी तुम्ही कधीच बाहेर पडत नाही. हात बदलून त्याच दिशेने चालाल तर हात आतल्या भिंतीवर जाईल आणि दार हाताखाली कधीच येणार नाही. सुटका साध्या गोष्टीत आहे: दारासमोर एक ठोका उभं राहणं. पाचव्या ठोक्याला ते उघडं असतं.

उजव्या हाताच्या नियमाची सिद्धताच भिंत बदलत नाही या गृहीतावर उभी आहे. इथे भिंत दर ठोक्याला नवी होते, त्यामुळे ‘सगळी कड फिरलो’ या म्हणण्याला अर्थच उरत नाही.

याच कोड्याभोवती आणखीही समज फिरतात. थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हा त्यातला एक. दादरला उतरून पुढच्या लोकलसाठी प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूसही प्रवासातच असतो. इथेही थांबणं ही एक चाल आहे. दुसरा समज, एकदा पाहिलेल्या घरात परत जायचं नाही. गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेली, चाललेल्या वाटांवर खुणा करण्याची त्रेमो यांची पद्धत स्थिर भुलभुलैयात अचूक चालते, पण बदलत्या दारांत पाचव्या ठोक्याला बंद दिसलेली गल्ली नवव्या ठोक्याला मोकळी असू शकते. खूण शिळी होते. तिसरा, सर्वांत कमी घरांची वाट म्हणजे सर्वांत लवकरची वाट. बंद दाराशी आठ ठोके तिष्ठत राहण्यापेक्षा चार घरांचा वळसा परवडतो.

आणि चौथा समज, की वेळ धरला तर शक्यता अनंत होतात. मुळीच नाही. एक दार दर ४ ठोक्यांनी आणि दुसरं दर ६ ठोक्यांनी तीच चाल पुन्हा करत असेल, तर त्यांचा लसावि १२. दर १२ ठोक्यांनी सगळा भुलभुलैया जसाच्या तसा होतो. ३० घरं असतील तर घर आणि वेळ मिळून ३० × १२, म्हणजे फक्त ३६० स्थिती. चौकटींच्या वहीत मावतील एवढ्याच.

उभं राहायला मुभा असेल तर एवढंही करावं लागत नाही. आधी पोचणं कधीच तोट्याचं नसतं, कारण तिथे थांबता येतं. म्हणून प्रत्येक घरात एकच आकडा लिहायचा: तिथे लवकरात लवकर कोणत्या ठोक्याला पोचता येतं. सुरुवातीच्या घरात शून्य. मग ज्याचे शेजारी अजून तपासले नाहीत, अशा घरांतलं सर्वांत लहान आकड्याचं घर घ्यायचं. मधलं दार लगेच उघडं असेल तर शेजारच्या घराला एक मिळवून आकडा द्यायचा, नसेल तर ते उघडेपर्यंतचे ठोके आधी मिळवायचे. त्या घरात आधीच याहून लहान आकडा असेल तर तो तसाच ठेवायचा. डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत ती हीच, आणि वेळेनुसार बदलणाऱ्या रस्त्यांसाठी कुक आणि हॅल्सी यांनी १९६६ मध्येच लवकरात लवकर पोचण्याचा प्रश्न मांडला होता. वाट मुळात आहे की नाही, हेही कळतं. लसाविइतके सलग ठोके गेले आणि एकही नवं घर हाती लागलं नाही, तर वाट नाहीच. प्रत्येक दाराला प्रत्येक वेळी उघडण्याची संधी मिळून गेलेली असते.

उभं राहणंच धोक्याचं असेल तिथे मात्र घर-आणि-वेळ हा पूर्ण तक्ता लागतो. ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ या प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांच्या मालिकेतलं २०२२ सालचं २४ डिसेंबरचं कोडं असं आहे: वादळं सरकत राहतात आणि तुमच्याच घरात येऊन धडकतात. त्याच मालिकेतलं २०१६ चं १७ डिसेंबरचं कोडं आणखी वेगळं. तिथे दारं घड्याळावर नाही, तर तुम्ही आतापर्यंत कसे चालत आलात त्यावर उघडतात. एकाच खोलीत दोन वाटांनी आलेल्या दोघांना वेगवेगळी दारं दिसतात. त्यामुळे तिथे खोलीला एकच आकडा देऊन भागत नाही, चाललेली सगळी वाट लिहून ठेवावी लागते.