टेंकडीवरील तुटक खंदक

डोंगराच्या माथ्यावर तट आणि खंदक दिसला, कीं महाराष्ट्रीय मनुष्य त्याला किल्ला म्हणून मोकळा होतो. ज्या देशांत गडांच्या आश्रयानें राज्य उभें राहिलें, तेथें हें स्वाभाविकच आहे. इंग्लंडांतील विद्वानांची समजूतही पुष्कळ काळ याहून फारशी वेगळी नव्हती. त्या देशाच्या दक्षिण भागांतील टेंकड्यांवर मातीच्या जुन्या बांधांचीं आणि खंदकांचीं वर्तुळें दिसतात, आणि त्यांना सरसकट ‘छावणी’ म्हणण्याचा प्रघात होता. परंतु त्यांपैकीं कांहीं स्थळांचा खंदक चमत्कारिक आहे. तो अखंड नाहीं. कांहीं वाव खणलें आहे, मग थोडी जमीन तशीच सोडली आहे, आणि पुढें पुन्हां खणलें आहे. ज्या खंदकांतून जागोजाग वाटा आहेत, तो शत्रूला अडविणार कसा? असा तुटक खंदक असलेलीं सत्तरांहून अधिक स्थळें ब्रिटनमध्यें ज्ञात आहेत. तीं नवाश्मयुगांतील, म्हणजे तेथें शेती आणि पशुपालन यांचा प्रसार होऊन कांहीं शतकेंच लोटलीं होतीं, त्या काळांतील आहेत.

यांतील सर्वांत विख्यात स्थळ म्हणजे विल्टशर परगण्यांत एव्हबरी गांवाजवळ असलेली विंडमिल हिल ही खडूच्या खडकाची टेंकडी. ती कशी वांचली, ही हकीकत नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटेल. १९२० नंतरच्या वर्षांत मार्कोनी कंपनीनें तेथें बिनतारी संदेशांचें केंद्र उभारण्याचा बेत केला. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांचा पुराणवस्तुसंशोधनाला उपयोग करून देणाऱ्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनीं त्याला विरोध केला. आणि संत्र्याच्या मुरंब्याच्या व्यापारांत ज्यांच्या घराण्यानें संपत्ति मिळविली होती, त्या अलेक्झांडर किलर यांनीं १९२४ सालीं ती जमीनच विकत घेतली. १९२५ पासून १९२९ पर्यंत त्यांनीं तेथें उत्खनन केलें.

एकांत एक अशीं खंदकांचीं तीन वर्तुळें तेथें आढळलीं. बाहेरच्या वर्तुळांत सुमारें २१ एकर जमीन सामावते. परंतु एवढ्या विस्तारांत वस्तीचें गांव म्हणावें अशीं घरें मिळालीं नाहींत. जें मिळालें, तें मुख्यतः खंदकांत: फुटकीं मडकीं, चकमकीच्या दगडाचीं हत्यारें, आणि जनावरांचीं पुष्कळ हाडें. त्यांत गुरांचीं हाडें सर्वांत अधिक होतीं. मोठ्या जनावराचें मांस एका कुटुंबानें एका वेळीं संपविण्यासारखें नसतें. म्हणून येथें पुष्कळ लोक जमून भोजनें होत असावींत, असें अनुमान निघतें. कांहीं हाडें तर केवळ टाकलेलीं नसून एकत्र गोळा करून ठेवल्यासारखीं दिसतात. कांहीं मडक्यांची माती कॉर्नवॉलच्या टोंकाशीं असलेल्या लिझर्ड या भागांतील आहे, आणि तो भाग तेथून दीडशें मैलांहून अधिक दूर आहे.

येथें महाराष्ट्रांतील जत्रेची आठवण होईल. एरवीं पांगलेलीं माणसें ठराविक ठिकाणीं एकत्र येतात. देवाणघेवाण होते, सोयरिकी जुळतात, भांडणें मिटतात, कधीं नवीं उपजतात. खंदक तुटक कां, याचाही उलगडा बहुधा यांतच आहे. खणण्याचें मुख्य साधन म्हणजे हरणाचें शिंग. प्रत्येक तुकड्याची लांबी आणि खोली निराळी. त्यावरून एकेका कुळानें किंवा वाडीनें आपापला वांटा खणला असावा, असें पुष्कळ संशोधकांचें मत आहे. मग वर्तुळ पुरें होण्याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तें मिळून खणण्याला असलें पाहिजे. बुजलेले तुकडे पुन्हां उकरल्याच्या खुणाही अशा स्थळीं सांपडतात.

अशा खुणा ओळखण्यासाठीं मातीचे थर वाचतां यावे लागतात. या विद्येचे मोठे पुरस्कर्ते मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९३४ ते १९३७ या काळांत डॉर्सेटमधील मेडन कॅसल हा लोहयुगांतील किल्ला खणला, तेव्हां त्याच्या खालीं असाच तुटक खंदक निघाला. त्या उत्खननांत हसमुख सांकलिया हा भारतीय विद्यार्थी काम करीत होता. हेच सांकलिया १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत प्राध्यापक झाले आणि त्यांनीं महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा पाया घातला. व्हीलर १९४४ ते १९४८ पर्यंत भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते.

थरांवरून आधीं काय आणि मागून काय एवढें कळतें, पण वर्ष कळत नाहीं. स्टुअर्ट पिगॉट यांनीं १९५४ सालच्या आपल्या ग्रंथांत ब्रिटनमधील नवाश्मयुगाचा आरंभ इ. स. पूर्व २००० च्या सुमारास धरला होता. हाडांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजण्याची रीत आल्यावर तो आरंभ सुमारें दोन हजार वर्षें मागें गेला. तरी एकेका मोजणींत शतका-दोन शतकांची अनिश्चितता राही. अलॅस्डेअर व्हिटल, फ्रान्सिस हीली आणि अॅलेक्स बेलिस यांनीं शेंकडों मोजण्या थरांच्या क्रमाशीं संभाव्यतेच्या गणितानें जुळवून २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें विंडमिल हिलचीं तिन्ही वर्तुळें इ. स. पूर्व ३७ व्या शतकांत, एका मनुष्याच्या आयुष्याएवढ्या अवधींत खणलीं गेलीं. पहिला खंदक खणतांना पाहिलेलें मूल शेवटचा खणला जाईतों हयात असणें शक्य होतें. जें शतकानुशतकें हळूहळू घडलें असें वाटत होतें, तें दोन-तीन पिढ्यांचें कर्तृत्व ठरलें.

परंतु ‘जत्रा’ म्हणून सारा प्रश्न सुटत नाहीं. ग्लॉस्टरशरमधील क्रिकली हिलवर फिलिप डिक्सन यांच्या उत्खननांत चारशेंहून अधिक दगडी बाणाग्रें मिळालीं, आणि त्यांची गर्दी दारांपाशीं होती. डॉर्सेटमधील हॅम्बल्डन हिल रॉजर मर्सर यांनीं १९७४ ते १९८६ या काळांत खणली. तेथें एका खंदकाच्या तळाशीं माणसांच्या कवट्या ठेवलेल्या होत्या. दुसरीकडे लांकडी तट जळालेला होता, आणि बाण लागून मेलेल्या तरुणाचा सांगाडा खंदकांत पडलेला होता. म्हणजे ज्यांनीं या स्थळांना छावणी म्हटलें, तेही अगदींच चुकले नव्हते. त्यांची चूक एवढीच, कीं एका स्थळाचा एकच उपयोग असतो असें त्यांनीं गृहीत धरलें.

जेथें माणसें एकत्र येतात, तेथें जोडण्यासारखें आणि गमावण्यासारखें असें दोन्हीही असतें. भोजनाचीं हाडें आणि शत्रूचे बाण एकाच प्रकारच्या खंदकांत मिळावे, यांत म्हणूनच विसंगति नाहीं. साडेपांच हजार वर्षांपूर्वींच्या या शेतकऱ्यांनीं अक्षर लिहून ठेवलेलें नाहीं. त्यांचें सामाजिक जीवन समजण्यास आज हे मातींतले खड्डे आणि त्यांत उरलेल्या वस्तु हेंच मुख्य साधन आहे. आणि म्हणूनच १९२४ सालीं ती टेंकडी अबाधित राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.