श्वानांमधील कर्करोग आणि मालकांचे आरोग्य

घरातील कुत्र्याला कर्करोग झाल्याचे निदान झाले, की कुटुंबापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. हा आजार घरातील माणसांना, विशेषतः लहान मुलांना लागेल काय, हा पहिला प्रश्न. आणि कुत्र्याला घरात ठेवावे की नाही, हा दुसरा. भीतीपोटी आजारी कुत्रे रस्त्यावर सोडून दिल्याच्या घटनाही घडतात. पहिल्या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. कुत्र्याचा कर्करोग माणसाला लागत नाही. मात्र कुत्रा आणि त्याचा मालक एकाच घरात राहतात, एकाच हवेत श्वास घेतात आणि एकाच अंगणात वावरतात. त्यामुळे कुत्र्याचा आजार त्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या घातक द्रव्याची पूर्वसूचना ठरू शकतो. ही सूचना ओळखणे मालकाच्याही हिताचे आहे.

वाढलेले आयुष्य, वाढलेला आजार

पाळीव कुत्र्यांमध्ये कर्करोग हा दुर्मीळ आजार राहिलेला नाही. चार कुत्र्यांपैकी सुमारे एका कुत्र्यास आयुष्यात केव्हा तरी अर्बुद, म्हणजे गाठ होते आणि १० वर्षांवरील कुत्र्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेचे अनुमान आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज यांसारख्या रोगांवरील लसी, चांगला आहार आणि उपचारांची सोय यांमुळे घरातील कुत्री पूर्वीपेक्षा अधिक काळ जगू लागली आहेत. कर्करोग हा मुख्यतः उतारवयातील आजार असल्याने आयुष्य वाढले, तसे त्याचे प्रमाणही वाढलेले दिसते. माणसांच्या बाबतीतही हेच घडले आहे.

स्तनग्रंथी, लसिकाग्रंथी, त्वचा, हाडे, मूत्राशय आणि तोंड या ठिकाणचे कर्करोग कुत्र्यांमध्ये प्रामुख्याने आढळतात. यांपैकी अनेकांची वाढ, प्रसार आणि औषधांना मिळणारा प्रतिसाद माणसांमधील त्याच प्रकारच्या कर्करोगाशी मिळताजुळता असतो.

संसर्गजन्य असलेला एक अपवाद

कर्करोग संसर्गजन्य नसतो, या नियमाला कुत्र्यांमध्ये एक अपवाद आहे. लैंगिक संबंधातून एका कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्याकडे जाणारे एक अर्बुद भारतातील भटक्या कुत्र्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळते. यात विषाणू किंवा जिवाणू पसरत नाहीत. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात रुजतात. रशियन पशुवैद्यक म्स्तिस्लाव नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे असे अर्बुद एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखविले होते. अर्बुदाच्या यशस्वी रोपणाचा तो पहिला प्रयोग मानला जातो. जगभरातील कुत्र्यांमधील हे अर्बुद हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून सुरू झाले आणि ते मूळ जनावर आशियातील असावे, असा निष्कर्ष जनुकीय अभ्यासांतून निघाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा काळ ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वीचा सांगण्यात आला.

जननेंद्रियावर फुलकोबीसारखी दिसणारी, रक्तस्राव होणारी गाठ हे या आजाराचे लक्षण होय. व्हिनक्रिस्टीन या औषधाची इंजेक्शने आठवड्याच्या अंतराने दिल्यास बहुतेक कुत्री पूर्णपणे बरी होतात. या आजाराचा माणसाला कोणताही धोका नाही.

कुत्र्याचा आजार ही पूर्वसूचना का?

माणसामध्ये एखाद्या घातक द्रव्याशी संपर्क येणे आणि कर्करोग प्रकट होणे यांत अनेकदा २० ते ४० वर्षांचे अंतर असते. कुत्र्याचे संपूर्ण आयुष्यच १० ते १५ वर्षांचे असल्याने त्याच्यात हे अंतर खूपच कमी असते. शिवाय कुत्रा जमिनीलगत वावरतो, धूळ हुंगतो आणि अंगावर बसलेले कण चाटून पोटात घेतो. तो घराबाहेर नोकरीस जात नाही आणि सिगारेटही ओढत नाही. त्यामुळे त्याच्या शरीरात शिरलेली द्रव्ये बहुतांशी घरातील व परिसरातीलच असतात.

या विचाराला शतकाहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे. जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगद्रव्यांच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाची अर्बुदे होत असल्याचे निदर्शनास आणले. तथापि, नेमके द्रव्य कोणते हे प्रयोगाने सिद्ध होत नव्हते. अखेर १९३८ मध्ये विल्हेल्म ह्युपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनामुळे कुत्र्यांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे अमेरिकेत दाखवून दिले. कामगारांच्या आजाराचे कारण कुत्र्यांमुळे उघड झाले.

त्यानंतर घरगुती कुत्र्यांवरही अभ्यास झाले. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणासारख्या पातळ आवरणांचा कर्करोग झालेल्या कुत्र्यांच्या मालकांची माहिती घेण्यात आली. ॲस्बेस्टॉसशी संबंधित व्यवसाय किंवा छंद असलेल्या मालकांच्या कुत्र्यांमध्ये हा आजार अधिक आढळला. कपड्यांवरून आणि हत्यारांवरून घरी आलेले तंतू कुत्र्याच्या श्वासात गेले असतील, तर ते घरातील इतरांच्याही श्वासात गेले असणार, हे यातून सूचित झाले.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये स्कॉटिश टेरियर जातीच्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जातीत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका इतर कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे १८ ते २० पट अधिक असतो. तणनाशक फवारलेल्या हिरवळीवर वावरणाऱ्या टेरियर कुत्र्यांमध्ये हे प्रमाण आणखी काही पटींनी वाढल्याचे दिसून आले. पुढील वर्षी याच संशोधकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा हिरव्या पालेभाज्या किंवा पिवळ्या-नारिंगी भाज्या खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये धोका कमी असल्याचे नोंदविले. मात्र कांदा व लसूण कुत्र्यांसाठी विषारी असल्याने ते त्यांच्या आहारात कधीही नसावेत.

अशा अभ्यासांतून संबंध दिसतो. एखाद्या विशिष्ट कुत्र्याच्या आजाराचे कारण त्यातून सिद्ध होत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.

घरातील धूर

घरातील धूम्रपान हा मालक आणि कुत्रा या दोघांनाही बाधक ठरणारा घटक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांना १९९२ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या घरातील कुत्र्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दुर्बल आढळला. मात्र १९९८ मध्ये त्यांनी लांब नाकाच्या कुत्र्यांमध्ये नाकाच्या पोकळीतील कर्करोगाचा धोका वाढल्याचे नोंदविले. लांब नाकात धुरातील कण अडकून राहतात, तर आखूड नाकाच्या कुत्र्यांमध्ये ते थेट फुप्फुसापर्यंत जातात, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते.

भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. खासगी घर मात्र या बंदीच्या कक्षेत येत नाही. डासांना पळवून लावण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या कॉइलचाही येथे विचार करावा लागेल. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. बंद खोलीत, जमिनीवर ठेवलेल्या कॉइलच्या शेजारीच बहुधा घरातील कुत्र्याची झोपण्याची जागा असते.

मालक आणि कुत्रा यांच्या शरीराशी येणारी रसायने किती समान असतात, याची मोजणीही झाली आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ३० मालकांच्या मनगटावर आणि त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पाच दिवस सिलिकॉनच्या पट्ट्या बांधण्यात आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोघांच्या पट्ट्यांवर जमा झालेल्या अनेक रसायनांच्या प्रमाणात लक्षणीय साम्य होते. त्याच वर्षी स्वीडनमधील अभ्यासातून, मधुमेह झालेल्या कुत्र्यांच्या मालकांना मधुमेह होण्याची शक्यता इतर श्वानमालकांपेक्षा ३८ टक्के अधिक असल्याचे समोर आले. घरातील सवयीही दोघांच्या वाट्याला सारख्याच येतात, असा याचा अर्थ लावण्यात येतो.

तळोज्याची निळी कुत्री

नवी मुंबईजवळील तळोजा औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये निळ्या रंगाची भटकी कुत्री फिरताना दिसली होती. अन्नाच्या शोधात कासाडी नदीच्या पात्रात उतरणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर कारखान्यातील रंगद्रव्य बसले होते. छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करण्याची कारवाई केली. या घटनेचा कर्करोगाशी संबंध जोडता येणार नाही. मात्र प्रदूषित नदीच्या परिसरातील रहिवाशांची तक्रार जी गोष्ट सहजपणे पटवून देऊ शकत नव्हती, ती कुत्र्यांच्या अंगावरील रंगाने सर्वांच्या नजरेस आणली.

माणसांच्या उपचारांना हातभार

कुत्र्यांवरील उपचारांचा लाभ माणसांनाही झाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्ये श्वान व मानवी कर्करोगाच्या तुलनात्मक अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केला. २००५ मध्ये बॉक्सर जातीच्या कुत्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाल्याने या कामास वेग आला. हाडांच्या कर्करोगात पाय न कापता केवळ बाधित हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारण्यात कुत्र्यांवरील अनुभवाचा मोठा वाटा आहे. याच आजारावरील मिफाम्युर्टाइड या औषधाची परिणामकारकता आधी आजारी कुत्र्यांमध्ये पाहिली गेली आणि २००९ मध्ये युरोपात ते रुग्णांसाठी मंजूर झाले. अमेरिकेत २०१२ पासून ३,००० हून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा अभ्यासही हाती घेण्यात आला.

वेळीच ओळख आणि प्रतिबंध

मादी कुत्र्यांमधील स्तनग्रंथींच्या गाठी निर्बीजीकरणाने बऱ्याच अंशी टाळता येतात. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासानुसार, पहिल्यांदा माजावर येण्यापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास हा धोका निर्बीजीकरण न झालेल्या मादीच्या तुलनेत अर्ध्या टक्क्यावर येतो. एका माजानंतर केल्यास तो ८ टक्के आणि दोन माजांनंतर २६ टक्के राहतो. या आकड्यांच्या भक्कमपणाविषयी नंतर मतभेद व्यक्त झाले आहेत. तसेच मोठ्या आकाराच्या काही जातींमध्ये लवकर शस्त्रक्रिया केल्याने सांध्यांचे विकार वाढू शकतात. त्यामुळे योग्य वय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावे.

पोटाखाली किंवा अंगावर कोठेही जाणवणारी गाठ, बरी न होणारी जखम, लघवीतून रक्त जाणे, दीर्घकाळ लंगडणे, तोंडाला दुर्गंधी येणे आणि कारण नसताना वजन घटणे या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. महिन्यातून एकदा कुत्र्याच्या सर्व अंगावरून हात फिरवून तपासणी केल्यास लहान गाठही वेळीच लक्षात येते. वेदना कमी करण्यासाठी माणसांची औषधे देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

घरात घ्यावयाची दक्षता

कुत्र्याला कर्करोगाची औषधे दिली जात असताना त्यांचा अंश लघवी, विष्ठा आणि ओकारी यांतून काही दिवस बाहेर पडतो. त्यामुळे औषध दिल्यानंतर किमान तीन दिवस सफाई करताना हातमोजे वापरावेत. गर्भवती स्त्रिया व लहान मुलांनी हे काम करू नये. कुत्र्याला कुरवाळण्यास मात्र कोणतीही हरकत नाही.

मालक स्वतः कर्करोगावर उपचार घेत असल्यास त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. अशा वेळी कुत्र्याला घराबाहेर काढण्याची सहसा गरज नसते. कुत्र्याचे लसीकरण व जंतनाशक औषधे नियमित असावीत, विष्ठेची सफाई दुसऱ्याने करावी, जखमा चाटू देऊ नयेत आणि हात साबणाने धुवावेत. कुत्र्याने चावा घेतल्यास किंवा ओरखडा काढल्यास जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे आणि कर्करोगाचे उपचार सुरू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कुत्र्याला शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे काळीज किंवा फुप्फुसे खाऊ घालणेही टाळावे. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा फीतकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ तयार होते आणि तपासणीत ती कधीकधी कर्करोगाची गाठ समजली जाते.

माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या ‘एक आरोग्य’ संकल्पनेनुसार नागपूर येथील राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. मुंबईत परळ येथे १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय एकाच भागात आहेत. कुत्र्याचा आणि त्याच्या मालकाचा कर्करोग एकत्रितपणे अभ्यासण्यासाठी लागणारे ज्ञान देशात उपलब्ध आहे.

आजारी कुत्र्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. कुत्र्याला कर्करोग झाल्यास उपचारांसोबतच घरातील धूर, तणनाशके, कीटकनाशके, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांची धूळ आणि पिण्याचे पाणी यांची माहिती पशुवैद्यकास द्यावी व कुटुंबाच्या डॉक्टरांशीही त्याविषयी बोलावे. कुत्र्याला घराबाहेर काढल्याने यांतील एकही घटक घरातून जात नाही. तो घरातील माणसांसाठी मागे उरतोच.